डिकीवरचा पंख: स्पॉइलर नेमकं काय करतो?

ॲक्सेसरीजच्या दुकानात एका सेडानची डिकी उघडी होती. कारागिराने पत्र्यावर मोजपट्टी धरली, मार्करने चार खुणा केल्या आणि ड्रिल चालवलं. पत्र्याचा बारीक कीस खाली पडला. शेजारी खोक्यात फायबरचा काळा स्पॉइलर होता. गाडीचा मालक पंचविशीतला मुलगा. मी तिथे वायपरची पाती बदलायला गेलो होतो. त्याने मलाच विचारलं, "काका, याने गाडी हायवेला रस्ता धरते ना?" मी म्हणालो, "ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे." त्या उत्तराने त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. तोपर्यंत चारही भोकं पाडून झाली होती.

त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर सविस्तर द्यायला हवं. कारण या विषयावर दोन ठाम मतं ऐकू येतात. एक, स्पॉइलर म्हणजे नुसती शोभा. दुसरं, स्पॉइलर लावला की गाडी जमिनीला चिकटते. दोन्ही चुकीची आहेत.

स्पॉइलर हा शब्द विमानाकडून आला. विमान धावपट्टीवर टेकलं की पंखाच्या पाठीवरच्या फळ्या एकदम उभ्या राहतात. खिडकीशी बसलेल्या प्रत्येकाने त्या पाहिल्या असतील. पंख विमानाला उचलून धरत असतो; फळ्या त्या उचलण्यात मोडता घालतात, विमानाचं वजन चाकांवर येतं आणि ब्रेक लागू पडतात. गाडीवरच्या स्पॉइलरचं मूळ कामही हेच, म्हणजे वर उचलणाऱ्या हवेत मोडता घालणं.

पण गाडीला हवा उचलते ती का? गाडी बाजूने पाहा. तळ बराचसा सपाट. वरची बाजू मात्र बोनेटवरून काचेवर, काचेवरून टपावर आणि टपावरून डिकीकडे वळत जाते. शाळेत आपल्याला सांगितलं गेलं की वरची हवा लांबचा रस्ता कापून खालच्या हवेला त्याच वेळी गाठते, म्हणून ती वेगाने जाते. हे खरं नाही. हवेच्या दोन कणांनी पुन्हा भेटायचं असा काही नियम नाही. खरं कारण वळणात आहे. टपाच्या गोलाईला धरून हवा वळायची असेल तर तिला गाडीच्या दिशेने कोणीतरी ढकलायला हवं. ते ढकलणं बाहेरचा जास्त दाब करतो, म्हणजेच पत्र्यालगतचा दाब कमी झालेला असतो. टपावर आणि मागच्या काचेच्या वरच्या कडेला हा दाब चांगलाच घसरतो आणि गाडी वर ओढली जाते.

किती? साध्या सेडानचा हिशेब करू. समोरून दिसणारं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर, उचल गुणांक ०.२ धरू. ताशी १०० किमीला हवा गाडीला सुमारे २० किलोंनी उचलते. अकराशे किलोंच्या गाडीला हे काहीच नाही. पण हवेचं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. ताशी २०० ला तेच ८० किलो होतं आणि ४० ला अवघं तीन किलो. रोधाचंही तसंच. रोध गुणांक ०.३३ असेल तर १०० च्या वेगाला फक्त हवा कापायला साधारण १२ हॉर्सपॉवर लागतात, २०० ला ९६. ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून १०० वरून १२० वर गेलात की हवेवर खर्च होणारी ताकद ७३ टक्क्यांनी वाढते. स्पॉइलरबद्दल कोणीही काहीही सांगितलं तरी पहिला प्रश्न एकच विचारावा: कोणत्या वेगाला?

दुसरी गोष्ट नावाची. बाजारात सगळ्यालाच स्पॉइलर म्हणतात, पण त्यात दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. स्पॉइलर पत्र्याला चिकटलेला असतो. त्याच्या वरूनच हवा जाते. पंख दोन खांबांवर उभा असतो आणि हवा त्याच्या वरून आणि खालून जाते. पंख म्हणजे उलटा बसवलेला विमानाचा पंख, तो स्वतः खाली दाब तयार करतो. स्पॉइलर तसं करत नाही. तो हवेच्या वाटेत छोटासा अडसर उभा करतो, अडसराच्या पुढच्या पत्र्यावर दाब वाढतो आणि उचल कमी होते. शिवाय त्याच्या धारदार कडेवर हवा गाडीला नीट सोडून जाते, गोलाईवरून इकडेतिकडे घसरत नाही.

शर्यतीच्या मैदानात आधी पंख आला. १९२८ च्या मे महिन्यात फ्रिट्झ फॉन ओपेलने बर्लिनच्या आवुस ट्रॅकवर रॉकेटवर चालणारी गाडी ताशी २३८ किमीपर्यंत नेली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना खाली दाबणारे पंख होते. १९५६ साली मिशाएल माय या स्विस तरुणाने आपल्या पोर्शे ५५० च्या डोक्यावर पंख उभारला आणि न्युर्बुर्गरिंगला नेला. आयोजकांनी तो काढायला लावला. मग दहा वर्षं विषय थंड पडला. त्याला खरी गती दिली टेक्सासच्या जिम हॉलने. त्याच्या १९६६ च्या शॅपरल २ई गाडीचा पंख उंच खांबांवर होता आणि ते खांब थेट मागच्या चाकांच्या हबला जोडलेले होते, त्यामुळे दाब स्प्रिंगवर न पडता सरळ टायरवर पडत असे. गाडीला क्लचचं पेडल नव्हतं. मोकळ्या झालेल्या डाव्या पायाने चालक पंख आडवा करी, म्हणजे सरळ रस्त्यावर रोध कमी. आज फॉर्म्युला वनमध्ये ज्या हलत्या पंखांचं कौतुक होतं त्यांची कल्पना इथेच पूर्ण झाली होती.

दोन वर्षांत फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर काठ्यांसारख्या बारीक खांबांचे उंच पंख आले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंजुईकवर लोटसच्या ग्रॅहम हिलचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. काही फेऱ्यांनंतर त्याच जागी त्याचा सहकारी योखेन रिंट याचाही पंख मोडला, त्याची गाडी हिलच्या मोडक्या गाडीवर जाऊन धडकली आणि तो जखमी झाला. पुढच्याच मोनाको शर्यतीच्या वेळी उंच पंखांवर बंदी आली. पंख दाब देतो हे एव्हाना सर्वांना पटलं होतं. तो अचानक नाहीसा झाला तर काय होतं, हे त्या दिवशी कळलं.

रस्त्यावरच्या गाड्यांची कथा मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिचं पहिलं मोठं पान पोर्शेचं आहे. ९११ ची पाठ उतरती आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वेग वाढला की हवा नेमकी मागची बाजू उचलायची. पॅरिसच्या १९७२ च्या प्रदर्शनात ९११ कॅरेरा आरएस २.७ आली ती इंजिनाच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उचललेला ओठ घेऊन. ताशी २४५ किमी वेगाला मागच्या चाकांवरची उचल सुमारे १४५ किलोंवरून ४२ किलोंवर आली. रोधही थोडा घटला आणि कमाल वेग वाढला. दाबासाठी रोधाची किंमत मोजावीच लागते हा समज त्या शेपटीने खोटा ठरवला. मात्र हे मर्यादेतच चालतं. ओठ योग्य उंचीचा असेल तर मागचा भोवरा आटोक्यात राहतो, त्याहून उंच केला की तोच रोध वाढवतो. आमटीतल्या मिठासारखं आहे हे.

त्याच सुमारास बीएमडब्ल्यूने ३.० सीएसएलला मोठा मागचा पंख दिला. जर्मनीच्या रस्त्यावर तो नियमात बसत नव्हता, म्हणून गिऱ्हाइकाला तो डिकीत ठेवून दिला जाई.

पण स्पॉइलर नसल्याची किंमत कळायला ऑडी टीटीच पाहावी लागते. १९९८ मध्ये ही गाडी बाजारात आली आणि तिच्या रूपाने वाहन डिझाइनचं जग भारावून गेलं. पुढून-मागून सारखीच गोलाई, कुठेही कंगोरा नाही, डिकीवर एकही उंचवटा नाही. ही गोलाईच अडचणीची होती. टपावरून आलेली हवा त्या पाठीला धरून खालपर्यंत वळत राहायची आणि मागची चाकं हलकी करायची. जर्मनीच्या ऑटोबानवर काही भागांत वेगमर्यादा नाही. ताशी १८० च्या वर, लेन झटकन बदलताना किंवा वळणावर, या गाडीचे अपघात होऊ लागले आणि त्यात माणसं दगावली. चालकाने वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं. मागचे टायर आधीच हवेने हलके केलेले, त्यांची पकड सुटते आणि गाडी फिरते. १९९९ च्या अखेरीपासून २००० च्या सुरुवातीपर्यंत ऑडीने विकलेल्या गाड्या परत बोलावल्या. सस्पेंशन बदललं, घसरण सावरणारी ईएसपी यंत्रणा बसवली आणि डिकीच्या कडेवर एक छोटा ओठ लावला. तो ओठ जुन्या टीटीवर आजही दिसतो. ज्या रेषेसाठी गाडी नावाजली गेली ती रेष त्याने मोडली, आणि मोडली हे योग्यच झालं.

इथे तोलाचा मुद्दा येतो आणि बाहेरून पंख लावणाऱ्यांकडून तोच सुटतो. हवेने दिलेला दाब पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटला जातो, यावर गाडीचं वागणं ठरतं. १९७१ मध्ये डॅन गर्नीने शर्यतीच्या गाडीच्या मागच्या पंखाच्या कडेला काटकोनात एक बारीक पट्टी लावली. चालक होता बॉबी अन्सर. फेरीची वेळ सुधारलीच नाही, कारण मागे दाब इतका वाढला की पुढची चाकं वळेनाशी झाली. पुढचा दाब वाढवून तोल साधला तेव्हा गाडी पळाली. ती पट्टी आज गर्नी फ्लॅप नावाने जगभर वापरतात. तोल उलट बाजूने गेला तर काय होतं हे १९९९ च्या ल मॉं शर्यतीच्या वेळी दिसलं. मर्सिडीजच्या सीएलआर गाड्यांचं नाक उचललं गेलं आणि त्या हवेत उलटल्या. मार्क वेबरची सरावात एकदा आणि शर्यतीच्या सकाळी पुन्हा, पीटर डम्ब्रेकची शर्यतीत थेट कठड्यापलीकडच्या झाडीत. दोघेही वाचले. उरलेली गाडी मर्सिडीजने मागे घेतली.

आतापर्यंतचं सगळं मोठ्या वेगाचं. आपल्या रोजच्या हॅचबॅकवर टपाच्या मागच्या टोकाला जी छोटी छपरी असते, तिचं काम वेगळं आहे. ते रोधाचं आहे.

गाडीच्या रोधाचा मोठा वाटा पुढे नसून मागे तयार होतो. हवा गाडीला सोडते तिथे मागे पोकळी राहते, तिथला दाब कमी असतो आणि तो गाडीला मागे खेचतो. पाण्याच्या थेंबासारखी लांब निमुळती शेपटी सर्वांत चांगली, पण ती पार्किंगमध्ये मावणार कशी? श्टुटगार्टचे प्राध्यापक वुनिबाल्ड काम यांनी १९३० च्या दशकात यावर काम केलं. शेपटीचा उतार हवेला मानवेल असा ठेवायचा आणि ठरावीक जागी ती सरळ कापून टाकायची. फायदा बराचसा टिकतो. पुढे फोक्सवॅगनमध्ये पहिल्या गोल्फचं काम चालू असताना वोल्फ-हाइनरिश हुखो यांच्या लक्षात आलं की मागच्या काचेच्या तिरपेपणात काही अंशांचा फरक पडला तरी रोध एकदम बदलतो. १९८४ मध्ये अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,०४४ मिलिमीटर लांबीचा, चाकंही नसलेला एक साधा ठोकळा घेऊन हे मोजून दाखवलं. उतार ३० अंशांच्या आसपास आला की दोन्ही कडांवरून जोरदार भोवरे सुटतात आणि रोध शिखरावर जातो. त्यापलीकडे हवा टपाच्या कडेलाच गाडी सोडते आणि रोध खाली पडतो. जगभरच्या प्रयोगशाळांत तो ठोकळा आजही 'अहमद बॉडी' म्हणून वापरतात.

हॅचबॅकची छपरी याच ज्ञानातून आली. ती टप थोडा लांबवते आणि हवेला सुटायची जागा नेमून देते. मागची पोकळी लहान होते. ॲव्हरेजमध्ये पडणारा फरक छोटा, पण लाखो गाड्यांत मिळून मोठा. इलेक्ट्रिक गाड्यांत तर रोध गुणांकातल्या ०.०१ साठीही अभियंते झटतात, कारण बॅटरीचे किलोमीटर त्यावर ठरतात. पावसाळ्यात हॅचबॅक आणि सेडान शेजारी उभ्या करून पाहा. हॅचबॅकची मागची काच चिखलाने माखलेली, कारण ती पोकळी चाकांनी उडवलेलं पाणी वर ओढून काचेवर आणते. मागचा वायपर हॅचबॅकला असतो आणि सेडानला सहसा नसतो, त्याचं कारण हेच.

हे डोळ्यांनी पाहायला वाऱ्याचा बोगदा लागत नाही. लोकरीचे बोटभर दोरे आणि चिकटपट्टी पुरते. माझ्या मेहुण्याला त्याच्या सेडानवर पंख लावायचा होता. आम्ही आधी त्याच्या मागच्या काचेवर आणि डिकीवर चाळीसेक दोरे ओळीने चिकटवले. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर तो सत्तरच्या वेगाने गेला आणि भाच्याने मागच्या गाडीतून मोबाइलवर चित्रण केलं. काचेच्या वरच्या भागात दोरे सरळ मागे पडलेले. काचेच्या खालच्या भागात आणि डिकीच्या पुढच्या अर्ध्यावर ते थरथरत होते, काही तर उलटे, पुढच्या दिशेला वळलेले. डिकीच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यात पुन्हा सगळे सरळ. म्हणजे हवा काचेवरून सुटत होती, मध्ये भोवरा करत होती आणि कडेजवळ परत पत्र्याला टेकत होती. त्या कडेवर बोटभर ओठ बसवला तर तो काम करेल. मधल्या भोवऱ्याच्या उंचीत पंख ठेवला तर त्याला मिळणारी हवाच गोंधळलेली असेल. उंच पंखांना उंची दिली जाते ती या भोवऱ्याच्या वर, स्वच्छ हवेत पोहोचायला. मेहुण्याने पंखाचा विचार सोडला.

आता आपल्या रस्त्यांवरचा हिशेब. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० ची मर्यादा, समृद्धी महामार्गावर १२० ची. १.२ मीटर लांब आणि १७ सेंटिमीटर रुंद असा उत्तम आकाराचा पंख स्वच्छ हवेत असेल तर ताशी ८० ला तो साधारण सहा किलोंचा दाब देईल. बाजारातल्या पंखांचा आकार बहुतेक वेळा दिसण्यासाठी काढलेला, शिवाय तो भोवऱ्यात उभा. दाब निम्म्यावर येईल. मागच्या सीटवर ठेवलेली भाजीची पिशवी त्याहून जड भरते. आपल्या बहुतेक मोटारी पुढच्या चाकांवर ओढल्या जातात, त्यामुळे मागच्या दाबाने पिकअपलाही मदत नाही. दाब खरा हवा असेल तर तो कसा असतो हे पोर्शेच्या २०२२ च्या ९११ जीटी३ आरएसवर दिसतं: ताशी २०० ला ४०९ किलो, २८५ ला ८६० किलो. ते सगळं मागच्या पंखाचं नाही. पुढचे भाग, तळ आणि मागचा पंख हे सर्व एकमेकांशी जुळवून मिळालेला तो आकडा आहे.

पुढच्या बंपरखालच्या ओठाकडे आणि तळाकडे लोक लक्ष देत नाहीत, पण तिथली दाबाची कमाई मोठी असते. फॉर्म्युला वनला तळाची जादू लोटस ७८ आणि ७९ ने दाखवली, १९८३ मध्ये सपाट तळ सक्तीचा करून ती बंद झाली आणि २०२२ मध्ये परत आली. तळावर भरवसा ठेवून प्यूजोने ल मॉंसाठीची ९एक्स८ गाडी २०२२ साली मागच्या पंखाशिवायच उतरवली. धाडस मोठं होतं. २०२४ मध्ये तिला पंख लावावा लागला.

एकच आकार सगळ्या वेगांना बरा पडत नाही, म्हणून हलते स्पॉइलर आले. १९८९ च्या ९११ कॅरेरावर तो ताशी ८० ला आपोआप वर येई. बुगाटी वेरॉनचा पंख जोरात ब्रेक मारला की उभा राहून हवेलाच ब्रेक बनवतो. मर्सिडीजने १९५५ च्या ल मॉंमध्ये चालकाच्या मागे फळी उभी करून हेच केलं होतं. फॉर्म्युला वनमध्ये २०११ पासून मागच्या पंखाची फट उघडून ओव्हरटेकिंग सोपं केलं गेलं, आणि २०२६ च्या नियमांनी पुढचा-मागचा दोन्ही पंख हलते केले.

आपल्याकडे स्पॉइलरचा सर्वांत मोठा उपयोग मात्र मोटारींवर नाही, ट्रकवर व्हायला हवा. केबिनच्या टपावरची तिरपी ढाल हवेला उंच कंटेनरच्या वरून नेते, आणि दिवसभर महामार्गावर धावणाऱ्या वाहनाचं डिझेल वाचतं. पण तीच ढाल मागे उंच माल नसलेल्या उघड्या ट्रकवर असेल तर हवेला आणखी एक भिंत मिळते. ढाल मालाच्या उंचीला जुळवलेली हवी. वाहतूक व्यावसायिकांनी ही साधी गोष्ट तपासली तर डिझेलच्या खर्चात फरक पडेल.

त्या दुकानातल्या मुलाला आज मी हे सांगेन. कंपनीने दिलेला स्पॉइलर काढू नकोस, तो मोजून-मापून बसवलेला असतो. बाहेरून पंख लावायचा असेल तर तो हौस म्हणून लाव, पकड वाढेल म्हणून नको. भोकं पाडलीसच तर कडांना गंजरोधक आणि सीलंट लाव, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात डिकीत पाणी येईल. आरशातून मागचं दिसतंय ना, तिसरा ब्रेक लाइट झाकला जात नाही ना, हे पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात मनमानी बदल करू देत नाही, म्हणून आधी आरटीओत विचार. आणि गाडीने रस्ता धरावा असं मनापासून वाटत असेल तर खाली वाक आणि टायरची नक्षी बघ. हवा कितीही दाबली तरी रस्त्याला टेकतात ते चार तळहातांएवढे रबराचे तुकडेच, आणि त्यांच्यावरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदलायलाच हवा.